अर्धी चकाकी

१

ज्या पिनेमुळे तिचा धाकटा भाऊ गेला, ती पिन एका खोक्यातून तिच्याच टेबलावर तपासायला आली.

शहरात झीज ओळखणारी प्रयोगशाळा एकच, आणि त्या प्रयोगशाळेत झीज ओळखणारी तीच. घासलेले, चिरलेले, मध्येच अडकून बसलेले सुटे भाग तिच्याकडे यायचे आणि ते असे का झाले हे ती सांगायची. लोक तिला झिजबाई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. तिला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. आता तर कशाचंच काही वाटत नव्हतं. अंगाखाली दबून मुंग्या आलेल्या हातासारखी तिची सगळी गत झाली होती. हात आपलाच, पण चिमटा काढला तरी कळू नये असा.

"तुम्ही नका घेऊ हे काम," प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणाले. "बाहेरगावी पाठवू."

"बाहेरून उत्तर येईपर्यंत कोटिंगवाल्या अण्णांना आत टाकलेलं असेल," ती म्हणाली. "तपासते मी. तुम्ही प्रत्येक गोष्ट पुन्हा पडताळा आणि सही तुमची करा. माझा भाऊ होता हे वरच लिहा."

 खोक्यातला भुसा प्रमुखांनीच बाजूला केला.

प्रकार घडला होता तो असा. भाऊ औषधांच्या कारखान्यात फिटर होता. तिथे बाटल्यांतलं औषध सुकवायची एक मोठी पेटी होती, खोलीएवढी, आणि तिला वर उचलायचं पोलादी दार. दार वर गेलं की चौकटीच्या दोन्ही अंगांनी मनगटाएवढ्या जाड दोन पिना सरकून दाराखाली येत आणि दार पेलून धरत. पिन ज्या धातूच्या नळकांड्यातून सरकते त्याला बुश म्हणतात. औषधाजवळ तेलाचा थेंबही चालत नाही, म्हणून त्या पिनांवर अण्णांच्या दुकानातलं खास कोटिंग होतं, तेलाशिवाय सरकणारं. त्या दिवशी डावी पिन पूर्ण बाहेर आली आणि उजवी अर्ध्यातच अडकली. तरी हिरवा दिवा लागला, कारण दिव्याची तार फक्त डाव्या पिनेला जोडलेली होती. भाऊ दाराखाली बसून रबरी पट्टी बदलायला लागला. दार उजव्या कोपऱ्यातून खाली आलं.

तिने पिन मायक्रोस्कोपखाली धरली. वरच्या अंगाला कोटिंग शाबूत होतं, जणू कालच चढवलेलं. खालच्या अंगाला ते नव्हतंच. उघडं पोलाद, आणि त्यावर लांबलचक ओरबाडे.

अर्ध्या बाजूला कोटिंग आणि अर्ध्या बाजूला नाही, याचा पहिला अर्थ कुणीही सांगितला असता. थर चढवताना पिन भट्टीत गोल फिरवत ठेवावी लागते. अण्णांनी ती फिरवलीच नव्हती.

ती डोळे चोळत वर बघते, तो दारात अण्णाच उभे.

२

अण्णा साठीच्या पुढचे, पाठीत थोडे वाकलेले. ते बसले नाहीत.

"उद्या पोलिसांनी बोलावलंय," ते म्हणाले. "कारखान्याच्या साहेबांनी सांगितलंय त्यांना, कोटिंग खराब होतं म्हणून. तुम्हाला भेटायला येऊ नये हे कळतंय मला. पण तुमचा भाऊ माझ्या दुकानात येऊन बसायचा. त्याच्या बहिणीला असं वाटायला नको की मी हात राखून काम केलं."

"पिन फिरवली होती?"

"फिरवली होती. फिरवतानाचा आवाजसुद्धा आठवतोय. चाकाला थोडी कुरकुर होती त्या दिवशी."

"आवाज आठवणं पुरावा होत नाही, अण्णा."

"नाही होत," ते म्हणाले आणि गेले.

ती पुन्हा पिनेकडे वळली. कोणतीही पिन पूर्णच्या पूर्ण घासली जात नाही. मागचं टोक दट्ट्याला जोडलेलं असतं आणि ते बुशात कधी शिरतच नाही. पिन फिरवली नसती, तर त्या टोकालाही एका अंगाला थर पातळ असायला हवा होता. तिने टोकाचा एक काप काढला, घासून गुळगुळीत केला आणि थर मोजला. वर, खाली, दोन्ही बाजूंना सारखाच. त्यात काय काय आहे तेही बघितलं. जे असायला हवं ते सगळं होतं, हव्या त्या प्रमाणात.

अण्णांनी पिन फिरवली होती. थर सारखा चढला होता आणि नंतर एकाच बाजूने झिजला होता.

प्रमुखांनी माप पुन्हा घेतलं. "मग हवेतला ओलावा असेल. हे कोटिंग दमट हवेत बिघडतं."

"बिघडतं. पण हवा दोन्ही पिनांना एकच होती. डावी बघा."

डावी पिन दाराच्या ओझ्याने वाकली होती, पण तिचं कोटिंग चारही अंगांनी धड होतं. एकाच दिवशी एकाच भट्टीतून निघालेल्या या दोन बहिणी. काम सारखं, ओझं सारखं. एक धडधाकट आणि दुसरीची ही दशा.

"पिनेला एवढे प्रश्न विचारून झाले," ती म्हणाली. "पण घासायला दोघं लागतात. मला बुश हवेत."

बुश दुपारी आले. ती घरी गेली नव्हती. घरी जाऊन करायचं काय, हे तिला सुचत नव्हतं. तिने आधी डावा बुश विजेरीखाली धरला. आतून सगळीकडे काळपट राखाडी, मळका. मग उजवा धरला. वरचा अर्धा भाग तसाच मळका होता. खालचा अर्धा आरशासारखा लख्ख.

तिने विजेरी खाली ठेवली. बुशात चकाकी दिसली की कुणालाही बरं वाटलं असतं. तिला मात्र कळलं की हा बुश कुणीतरी मारलेला आहे.

३

कारखान्याचे व्यवस्थापक, ज्यांना सगळे साहेब म्हणत, तिच्याशी फार अदबीने वागले. खुर्ची पुढे केली, पाणी मागवलं, भावाबद्दल चार चांगले शब्द बोलले. तिने ते सगळं ऐकलं. शब्द येत होते आणि कुठेही न टेकता जात होते.

"मॅडम, मी स्पष्टच सांगतो," साहेब म्हणाले. "त्या कोटिंगवर माझा पहिल्यापासून विश्वास नव्हता. त्यातून काळं गळत होतं. उजव्या बाजूला तर डागच पडला होता, मी स्वतः पाहिला. चांगलं कोटिंग असं मळतं का?"

"तुम्ही पेटीजवळ जाता?"

"छे. आत जायचं तर टोपी, झगा, सगळं बदलावं लागतं. मी वरच्या सज्ज्यातून बघतो. पाहुणेही तिथूनच बघतात."

"तो डाग कुणी पुसायचं का?"

"कशाला पुसेल? आम्ही त्या भागाला हातही लावू दिला नाही. कोटिंगवाल्यांची जबाबदारी होती ती."

ती उठली. "मला सज्जा बघायचाय."

सज्जा म्हणजे वरच्या मजल्यावरची काच लावलेली अरुंद जागा. खाली ती पेटी होती, आता दाराशिवाय. तिने काचेला कपाळ टेकवलं. डाव्या चौकटीतल्या बुशाचं तोंड पलीकडे होतं, तिथून त्याची फक्त पाठ दिसत होती. उजव्या चौकटीचं तोंड सरळ तिच्याकडे होतं. बुश काढून नेल्यामुळे तिथे नुसतं भोक होतं, आणि वरून बघितल्यावर त्या भोकाची फक्त खालची अर्धी बाजू दिसत होती.

खाली तिला लंबू भेटला, उजव्या हाताने पाना चालवत. भावाचा जोडीदार फिटर, ताडमाड, दरवाजातून वाकून यायची सवय लागलेला. त्या पेटीवर दोघंच काम करायचे, तिसऱ्याला तिथे परवानगी नव्हती. लंबू तिच्याकडे बघत नव्हता.

"उजवा बुश कोण पुसत होतं?" तिने विचारलं.

"मला नाही माहीत, ताई."

"तिथे दोघंच जात होतात तुम्ही."

लंबू हातातला पाना एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिला. "मी नाही पुसला," तो शेवटी म्हणाला. "आईशप्पथ सांगतो. याच्यापुढे मला काही विचारू नका. घरी तीन माणसं खाणारी आहेत माझ्या."

४

प्रयोगशाळेत परतल्यावर तिने आधी तो प्रश्न सोडवला, ज्याचं उत्तर तिला माहीत होतं पण प्रमुखांना दाखवायचं होतं.

अण्णांचं कोटिंग म्हणजे दोन स्वभावांचं एक घर. त्यातला एक कडक, नायट्राइडचा, दगडी भिंतीसारखा. ओझं तो पेलतो. दुसरा मऊ, मॉलिब्डेनम आणि गंधकाचा. तो पत्त्यांच्या गड्डीसारखा पानापानांचा असतो आणि ती पानं एकमेकांवरून अलगद सरकतात. पिन सरकायला लागली की मऊ पानं थोडी थोडी सुटून पृष्ठभागावर येतात. त्यातली काही समोरच्या बुशालाही चिकटतात आणि तिथे काळपट राखाडी पापुद्रा तयार होतो. मग पोलादावर पोलाद घासतच नाही. पापुद्र्यावर पापुद्रा सरकतो. तो मळ नसतो, तेलाच्या जागी आलेला असतो.

तिने पिनेच्या मागच्या टोकाचा तुकडा घर्षण मोजायच्या यंत्रात लावला आणि समोर पोलादी गोळी घासायला ठेवली. पडद्यावरची रेघ आधी वर होती. हळूहळू गोळीवर काळं धरलं आणि रेघ खाली आली, तळाशी जाऊन सपाट झाली.

"आता बघा," ती म्हणाली. यंत्र थांबवून तिने स्पिरिटमध्ये बुडवलेल्या खरखरीत घासणीने गोळी पुसली. लख्ख झाली. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर रेघ वर उडाली आणि कोटिंगमधून नवी पानं येईपर्यंत वरच राहिली. तिने पुन्हा पुसलं. मग पुन्हा. प्रत्येक पुसण्यासरशी कोटिंग आपल्यातलं थोडं देत होतं आणि घासणी ते घेऊन जात होती. शेवटी देण्यासारखं काही उरलं नाही. यंत्र किंचाळलं आणि गोळी अडकली.

प्रमुखांनी यंत्र बंद केलं. "म्हणजे रोज कुणीतरी बुश पुसत होतं."

"खालची अर्धी बाजू. पिनेचं वजन तिथेच येतं."

"पण कोण?"

चकाकणाऱ्या भागात घासणीचे बारीक ओरखडे होते, सगळे एकाच बाजूला झुकलेले. अरुंद नळकांड्यात बोटं घालून पुसताना मनगट एकाच अंगाला सहज वळतं. तिने कपाटातून तसाच जुना बुश काढला, वाकवलेल्या पट्टीने तो चौकटीएवढ्या उंचीवर बांधला आणि उजव्या हाताने पुसला. ओरखडे बघितले. उलट्या बाजूला झुकलेले होते.

तिने प्रमुखांना पुसायला लावलं. तेही उलटेच.

मग तिने घासणी डाव्या हातात घेतली. नीट जमत नव्हतं, घासणी दोनदा खाली पडली. पण मायक्रोस्कोपखाली ओरखडे आले ते थेट कारखान्यातल्या बुशासारखे.

"लंबू डावखुरा आहे का?" प्रमुखांनी विचारलं.

"नाही. पाना उजव्या हाताने चालवतो."

"मग?"

ती खुर्चीत बसली. लहानपणी घरातली कात्री भावाला कधी धड चालवता आली नव्हती. त्याला कागद कापायचा असला की तो तिच्याकडे यायचा.

"डावखुरा माझा भाऊ होता," ती म्हणाली.

५

प्रमुख दारापर्यंत जाऊन परत आले. "हे लिहायलाच हवं असं नाही. कोटिंग चांगलं होतं आणि बुश पुसला गेला, एवढं पुरेसं आहे. अण्णा सुटतात. हात कुणाचा होता हे कुणी विचारलेलं नाही."

"विचारतील. आणि मी लपवलं असेल, तर बाकीच्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही."

"लिहिलंत तर सगळं त्याच्यावर ढकलतील. त्याच्या बायकोला काय सांगाल?"

 तिला काहीतरी वाटायला हवं होतं आणि ते येत नव्हतं. तिने नुसता विचार केला, जसा दुसऱ्या कुणाच्या भावाचा केला असता तसा. आणि तसा केला म्हणूनच कदाचित तिला ते दिसलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या बैठकीच्या खोलीत साहेब होते, पोलिसांचे तपास अधिकारी होते, अण्णा होते. लंबूला दाराजवळ उभं केलं होतं. तिने दोन्ही बुश टेबलावर ठेवले आणि शाळेत फळ्यावरचं वाचून दाखवावं तसं सगळं सांगितलं. थर सारखा होता. पापुद्रा पुसला जात होता. पुसणारा डावखुरा होता. तिथे जाणाऱ्या दोघांतला डावखुरा एकच, तिचा भाऊ.

अण्णांनी मान खाली घातली. साहेब खुर्चीत मागे रेलले.

"मॅडम, तुमच्या प्रामाणिकपणाचं कौतुक आहे," ते म्हणाले. "म्हणजे पुसलं त्यानंच. बिचाऱ्याला माहीत नसेल. आपलीच चूक भोवली त्याला."

"माझं संपलेलं नाही," ती म्हणाली. "तपास अधिकारी, तुम्ही हा बुश हातात घ्या. माणूस स्वतःच्या मनाने बुश पुसतो तेव्हा सगळा पुसतो. निदान दोन्ही पुसतो. डावा बुश फिटरच्या पायरीच्या अगदी जवळ आहे, त्याला घासणी कधीच लागलेली नाही. उजव्याला लागली, तीही फक्त खालच्या अर्ध्या भागाला. चकाकी जिथे संपते ती कड बघा. सरळ रेघ आहे. कुणीतरी ठरवून तिथे हात थांबवलाय."

अधिकाऱ्यांनी बुश उजेडात फिरवला. "का थांबवला?"

"माझ्याबरोबर सज्ज्यात चला."

सगळे वर गेले. तिने आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे खालून कुणीतरी उजव्या चौकटीत दुसरा बुश बसवला होता. त्याच्या आत खालच्या अर्ध्या भागात तिने पिवळा रंग दिला होता आणि वरच्या अर्ध्या भागात निळा. काचेतून फक्त पिवळा दिसत होता. निळ्याचा ठिपकाही नाही.

"पुसणारा हात खाली होता," ती म्हणाली. "पण काय पुसायचं हे ठरवणारे डोळे इथे होते. इथून जेवढं दिसतं तेवढंच पुसलंय. खाली उभं राहून काम करणाऱ्याला इथून काय दिसतं याच्याशी काय देणंघेणं? साहेब, काल तुम्ही मला म्हणालात, उजव्या बाजूचा काळा डाग तुम्ही इथून पाहिला आणि त्याला कुणी हात लावला नाही. हात लावला नाही तर तो गेला कुठे?"

साहेबांनी काचेतून खाली बघितलं. "पाहुणे येतात इथे. मी फक्त स्वच्छ ठेवा म्हणालो असेन. तो फिटर होता. तसं करायचं नव्हतं तर त्याने सांगायला हवं होतं."

"सांगितलं होतं."

आवाज लंबूचा होता. तो जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा होता, वाकून, जरी तिथे छत उंच होतं.

"माझ्यासमोर सांगितलं होतं," तो म्हणाला. "तो साहेबांना म्हणाला, अण्णांनी बजावलंय, ते काळं पुसू नका, पिन अडकेल. साहेब म्हणाले, तुला जमत नसेल तर लंबू पुसेल, तू उद्यापासून गोदामात. मग खाली आल्यावर तो मला म्हणाला, तू पुसशील तर सगळं पुसशील, मी पुसतो, वरून दिसतं तेवढंच. बाकीचं राहू दे, तेवढ्यावर चालेल कदाचित." तो थांबला. "पिन जड चाललीय हेही त्याने दोनदा जाऊन सांगितलं होतं. पाहुण्यांची भेट होऊन जाऊ दे, मग बघू, असं उत्तर मिळालं."

तपास अधिकाऱ्यांनी साहेबांना खाली चलायला सांगितलं. साहेबांनी जाताना कोटाचं बटण लावलं. अण्णा तिथेच भिंतीला टेकून उभे राहिले आणि थोड्या वेळाने चष्मा पुसू लागले. तिला वाटलं, आता आपल्याला रडू येईल. आलं नाही. तिने आपले दोन्ही बुश पिशवीत भरले, पावतीवर सही घेतली आणि निघाली.

६

भावजय स्वयंपाकघरात होती. ओट्यावर धुतलेली भांडी पालथी घातलेली होती आणि तीच भांडी ती पुन्हा धूत होती.

झिजबाईने तिला सगळं सांगितलं. सोपं करून सांगितलं, पण काही गाळलं नाही. हात कुणाचा होता तेही सांगितलं. साहेबांवर गुन्हा दाखल झालाय, दिव्याची तार आता दोन्ही पिनांना जोडणार आहेत, अण्णांचं दुकान चालू राहील, हेही. भावजयीने मध्ये एकदा नळ बंद केला आणि मग शेवटपर्यंत तशीच पाठमोरी उभी राहिली.

"म्हणजे त्यांना माहीत होतं, ताई," ती म्हणाली.

"हो."

"पिन अडकू शकते हे माहीत होतं."

"हो. म्हणून तर अर्धाच पुसत होता. शक्य तेवढं वाचवत होता तो."

"आणि तरी त्या दाराखाली जाऊन बसले."

"दिवा हिरवा होता. तो डाव्या पिनेचाच आहे हे त्याला ठाऊक नसावं. ते मला नाही सांगता यायचं."

भावजय वळली. तिचे हात कोपरापर्यंत ओले होते. "लंबूला सांगितलं. साहेबांना सांगितलं. मला घरी येऊन काय सांगायचे माहितीये? आज काही विशेष नाही. रोज. आज काही विशेष नाही, वाढ. मी म्हटलं असतं ना, घाला चुलीत ती नोकरी. गोदामात जा म्हटलं असतं, काय बिघडलं असतं? गोदामात काय माणसं काम करत नाहीत?"

 झिजबाई खुर्ची ओढून बसली.

"बोलले का नाहीत माझ्याशी?" भावजय म्हणाली. "तुमच्याशी तरी? तुमचं तर कामच ते. एक फोन केला असता तर तुम्ही गेला असतात भांडायला."

"गेले असते."

"मला त्यांचा राग आलाय, ताई. सगळे येतात, बसतात, चांगलं चांगलं बोलतात त्यांच्याबद्दल. आणि मला इतका राग आलाय की मी सारखी भांडीच धुतेय. गेलेल्या माणसाचा असा राग करतात का कुणी?"

झिजबाईने बोलायला तोंड उघडलं, आणि तिचा आवाजच निघेना.  हाताला मुंग्या आलेल्या असतात तेव्हा रक्त परत फिरायला लागताना जे होतं, ते तिला आता होत होतं. बरं मुळीच वाटत नाही, नुसतं दुखतं.

"एक फोन," ती म्हणाली. "गाढवाने एक फोन नाही केला."

भावजयीने ओले हात पदराला पुसले आणि दुसरी खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसली. बाहेर अंधार व्हायला लागला होता. दिवा लावायला दोघींपैकी कुणी उठलं नाही. बराच वेळ त्या तिथे बसून त्याला नावं ठेवत राहिल्या. लहानपणापासूनची एकेक गोष्ट काढून, एकमेकींना आठवण करून देत, मध्येच रडत.